रंगारीकाकांचे कामाचे कपडे

रंगारीकाकांच्या हातात चाळीस वर्षं ब्रश होता. त्यांचा हात फिरला नाही अशी खिडकी वस्तीत शोधूनही सापडली नसती. दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या, तुमच्या नातीच्या, ठकीच्या, रक्तात शिसं जास्त निघालंय, तेव्हा काकांना आधी शिसपेन्सिलच आठवली. ठकीला ती चघळायची सवय होतीच. घरी येऊन त्यांनी सगळ्या पेन्सिली कपाटावर टाकल्या. सून बघतच राहिली.

पेन्सिलीत शिसं नसतंच, नुसतं नाव तसं, असं नर्सताईंनी दुसऱ्या दिवशी समजावलं. शिसं असतं जुन्या ऑइलपेंटमध्ये. रंग घासला की धूळ बसते आणि मुलांच्या बोटांवरून पोटात जाते. काका मान हलवत राहिले, पण डोक्यात काही शिरेना. रंगानं घर उजळतं, एवढंच त्यांना ठाऊक.

मग मुलांच्या रक्तात हे शिसं कुठून येतं ते शोधायला वस्तीत नेमलेल्या समितीचं बोलावणं आलं. नर्सताई, बालवाडीच्या बाई, एक प्लंबर आणि चार-पाच आया बालवाडीतल्या बुटक्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. आता आपली खरडपट्टी निघणार, असं काकांना वाटलं. पण बाईंनी वस्तीचा नकाशा पसरला आणि जुन्या रंगाचे थर कुठल्या घरांत आहेत ते विचारलं. काका घडाघडा सांगत गेले. एकेका घरावर लाल खूण पडत गेली, तसा त्यांचा आवाज बसत गेला.

"म्हणजे हे सगळं मीच केलं?"

"डब्यात काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं, काका?" नर्सताई म्हणाल्या. "पण कामाचे कपडे घरी नेता ना? त्यांच्यावरून धूळ घरात येते, ते आता नेऊ नका."

काका घरी आले ते गोंधळूनच. स्वतःला गुन्हेगार म्हणावं, तर या बायका चहा पाजतात; जाणकार म्हणावं, तर नात आजारी. तरी ते कामावरच हातपाय धुऊन कपडे बदलू लागले. घरातल्या चौकटी त्यांनी पाणी मारून, ओल्यानं घासल्या. तोवर सून ठकीला घेऊन माहेरी राहिली.

तीन महिन्यांनी ठकीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा उतरला, पण पुरता नाही.

"मग बरी झाली म्हणायची का?" काकांनी विचारलं.

"उतरतोय. अजून बघावं लागेल," नर्सताई म्हणाल्या.

हसावं की काय करावं, त्यांना कळेना.

रविवारी ते प्लंबरबरोबर नकाशावरच्या पहिल्या घरी गेले. घासकाम होईपर्यंत मुलांना शेजारी ठेवा म्हणाले. का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. काकांनी शिसं, धूळ, रक्त असं बरंच सांगितलं. त्यातलं अर्धं त्यांचं त्यांनाच नीट कळलं नाही. बाईंनी मात्र दोन्ही पोरांना उचललं आणि त्या शेजारी गेल्या.