काय बिघडलंय, बोला!

फोनवर बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठत जातात. नळ गळायला लागला की माणूस आधी नळाचं सांगतो, मग सुनेचं, मग गुडघ्याचं. आणि आपण "हं, हं" करत पत्ता विचारायची संधी शोधत असतो. मी आणि माझी मैत्रीण शैला, आम्ही बरीच वर्षं हेच केलं. परवा सहज बसलो होतो, तर एक आठवलं की त्याला धरून दुसरं. शेवटी शैला म्हणाली, "वसू, लिहून काढ बाई. नाहीतर पुढच्या वर्षी आपण एकमेकींना हेच नव्यानं सांगत बसू!"

काम काय होतं ते आधी सांगते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कुलूपवाले ही सगळी एकटी काम करणारी माणसं. हात कामात आणि फोन खिशात वाजतोय. त्यांचे फोन आमच्याकडे वळवलेले असायचे. शनिवार पेठेतल्या एका खोलीत बसून आम्ही ते त्यांच्या नावानं उचलायचो, गिऱ्हाइकांना वेळा द्यायचो, बिलं टाईप करायचो. पलीकडच्याला वाटायचं, मोठं ऑफिस आहे. गिऱ्हाईक आम्हाला कधी दिसायचं नाही, आम्ही गिऱ्हाइकाला नाही.

*

सुरुवात झाली ती आमच्या बेसिनखाली.

मी चिंचवडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. बाजार खुला झाला, बाहेरचा माल आला, आणि कंपनीनं आम्हाला व्हीआरएस देऊन घरी बसवलं. घरी बसायची सवय नव्हती. दुपारी शेजारचा फोन वाजला तरी हात पुढे जायचा.

अशात एकदा बेसिन तुंबलं म्हणून दत्ता मोरे आला. आमचा नेहमीचा प्लंबर, मुळशीकडचा. तो खाली आडवा, कोपरापर्यंत हात चिखलात, आणि त्याचा नवाकोरा मोबाइल वाजायला लागला.

"ताई, उचला की! हात भरल्यात माझे."

उचलला. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "नमस्कार, मोरे प्लंबिंग. बोला."

पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "अरे वा! मोऱ्यांनी ऑफिस टाकलं वाटतं?"

मी बेसिनखालून बाहेर आलेल्या दत्ताच्या पायांकडे पाहिलं.

"हो," म्हटलं. "आजच."

*

खराडीकडे आयटीवाले राहायला लागले, तसे तिकडचे फोन वाढले. तरुण मुलं, सगळी घाईत. असा एक फोन शैलानं घेतला.

"गीझर बंद आहे. टिकेट नंबर द्या."

"कसलं तिकीट?"

"कम्प्लेंटचं! मी ट्रॅक कसं करणार?"

"उद्या सकाळी आमचा गजानन येईल. तो आला की ट्रॅक झालं."

"हे चालणार नाही. मला एस्कलेट करायचंय."

"म्हणजे काय करायचंय?"

"तुमच्या वर कोण आहे?"

"आमच्या वर गच्ची आहे," शैला म्हणाली. "सकाळी दार उघडा."

*

हा गजानन आमचा इलेक्ट्रिशियन. वर्ध्याकडून पुण्यात आलेला, मितभाषी. एकदा खराडीहून परतला तो हसतच. तो हसलेला आम्ही प्रथमच पाहिला.

एका मुलीकडे पंखा दुरुस्त करायला गेला होता. एकटी राहणारी, कॉम्प्युटरवर काम करणारी. ती म्हणाली, "भैया, आवाज बहुत करता है." हा म्हणाला, "देखता हूँ मॅडम." पंखा उतरवेपर्यंत दोघांचं हेच चाललेलं. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला आणि पोरगी जी सुरू झाली ती थेट गावच्या बोलीत!

"ताई, काय सांगू," गजानन म्हणाला, "आम्ही दोघंही वर्ध्याचे, अन् तासभर हिंदी झाडत बसलो ना जी! तिनं फोन ठेवला, तं मी म्हटलं, 'बाई, तुमचं गाव कोणतं?' तं ते रडाले लागली."

"का रे?"

"म्हणे, घरी लाडानं 'बाई' म्हणत, इथं आल्यापासून कोणीच म्हटलं नाही."

त्या दिवाळीत तिला सुटी मिळाली नाही. गजानन गावी गेला, तेव्हा वाट वाकडी करून तिच्या घरी जाऊन आला. येताना एसटीत फराळाचा डबा मांडीवर धरून आणला. पंखा त्यानंतर कधीच बिघडला नाही, पण ती फोन करायची. "काम काही नाही, गजाननभाऊ कसे आहेत?"

*

कसब्यातून एका गृहस्थांचा फोन आला. छतातून पाणी ठिबकतंय.

"वरच्या मजल्यावर कोण राहतं?" मी विचारलं.

"माझा सख्खा भाऊ."

"मग त्यांना जरा सांगता का, उद्या घरी थांबायला?"

"आमचं बोलणं नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही प्लंबर ना?"

मुकाट्यानं वरच्यांचा नंबर घेतला आणि मीच फोन केला. तेही तेवढेच कोरडे. "येऊ दे. मी दार उघडेन. खाली काय ते मला सांगू नका."

दत्ता गेला. पाइप भिंतीतून गेलेला, गळती नेमकी कुठे ते कळेना. वर नळ सोडायचा आणि खाली ठिबकतं का ते बघायचं, असं काम. दत्ता एकटा. वर-खाली करून त्याला धाप लागली. शेवटी तो वैतागून वरच्यांना म्हणाला, "काका, मी इथं नळ सोडतो. तुम्ही खिडकीतनं इचारा, आलं का म्हणून."

वरचे खिडकीशी गेले. दत्ता सांगत होता, त्यांनी गजाला धरलं, घसा खाकरला आणि ओरडले, "आलं का रे, बाळ्या?"

खालून आवाज आला, "आलं, दादा."

"आता?"

"थांबलं."

"आता?"

"परत आलं."

दत्ता म्हणाला, "ताई, गळती मला लवकर सापडली हुती. पण मी आपला सोडतोय न् बंद करतोय, सोडतोय न् बंद करतोय."

आठवड्यानं मी खालच्यांना फोन केला. काम नीट झालं ना, हे आम्ही सगळ्यांनाच विचारायचो.

"उत्तम झालं," ते म्हणाले. "एक थेंब नाही." मग हळूच, "आता बोलायला काही कारणच उरलं नाही."

*

कसब्यातलेच आमचे युसुफभाई. कुलपांचं आणि किल्ल्यांचं काम. माणूस शांत, बोलणं मोजकं, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

एका दुपारी एका बाईंचा फोन आला. इतक्या हळू बोलत होत्या की मी रिसीव्हर कानाला दाबून धरला.

"दाराचं कुलूप बदलायचंय. आजच. हे कामावरून यायच्या आत."

मी पत्ता लिहून घेतला. युसुफभाई गेले, कुलूप बदललं, किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या आणि आले. संध्याकाळी पुरुषाचा आवाज.

"माझ्या घराचं कुलूप तुमच्या माणसानं बदललंय. घर माझ्या नावावर आहे. आत्ता त्याला पाठवा आणि दार उघडून द्या."

मी घाबरले. कायदा काय म्हणतो ते मला काय ठाऊक! फोनवर हात ठेवून युसुफभाईंकडे पाहिलं. ते पिशवी आवरत होते. त्यांनी हात पुढे केला, मी रिसीव्हर दिला.

"नमस्कार साहेब," ते म्हणाले. "कुलूप मीच बदललं. त्यांनी किल्ली घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मनगट पाहिलं मी. ते दार माझ्याकडून उघडणार नाही. दुसरा कुलूपवाला बघा. आणि पोलिसांना बोलवायचं असेल तर जरूर बोलवा. मी येतो, त्यांनाही हेच सांगतो."

फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, उद्या तुम्हाला त्रास झाला तर माझं नाव सांगा."

त्रास काही झाला नाही. पोलीसही आले नाहीत. बऱ्याच महिन्यांनी त्याच बाईंचा फोन आला. या वेळी आवाज स्वच्छ.

"कुलूप छान चालतंय," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं."

*

मग दत्ता पडला.

एका इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप उतरतात त्या पोकळीत, पाइपवर पाय ठेवला होता तो पाइपच निखळला. त्याच्या बायकोनं, संगीतानं, हॉस्पिटलमधून फोन केला आणि मला काही बोलूच देईना. "ताई, त्यांचं काम दुसऱ्याला देऊ नका हो. ते उठतील."

ऑपरेशन चालू होतं आणि इकडे फोन वाजत होते. मी म्हणत होते, "नमस्कार, मोरे प्लंबिंग." दुसरं काय म्हणणार?

एका गृहस्थांना सांगितलं, दत्ता पडलाय, पाय मोडलाय, पाठीलाही लागलंय. ते म्हणाले, "अरेरे. मग माझ्या बेसिनचं काय?"

मी फोन आपटला! आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "काल मी बेसिनचं बोललो ना... ते जाऊ दे. रक्त वगैरे लागणार आहे का त्यांना? माझं चालत असेल तर मी येतो."

आणि खरंच आले, हॉस्पिटलमध्ये रांगेत उभे राहिले.

दत्ता वाचला, पण पायाला प्लास्टर. घरी बसून वेडा होईल म्हणून संगीतानं त्याला आमच्याकडे आणून बसवलं. आम्ही म्हटलं, फोन घे. तो घ्यायचा आणि म्हणायचा, "कुणाला बोलवायची गरज न्हाई हो. खालची चावी जरा पिळा. थांबलं? मग झालं!"

शैला डोक्याला हात लावून म्हणाली, "याला लवकर बरा करा गं. हा आपला धंदा बुडवेल!"

*

आता एकच सांगते आणि थांबते.

एका सकाळी अमेरिकेतून फोन आला. मुलगा तिकडे, वडील डेक्कनजवळच्या फ्लॅटमध्ये एकटे. कालपासून फोन उचलत नाहीत. शेजारच्या बाई बेल वाजवून दमल्या.

"दार फोडू नका," मुलगा म्हणाला. "ते दार बाबांनी स्वतः समोर उभं राहून करून घेतलंय. नीट उघडणारा माणूस आहे का तुमच्याकडे?"

युसुफभाईंना पाठवलं. मी आणि शैला फोनकडे बघत बसलो. दुसरे दोन फोन आले, ते काय होते हे मला आजही सांगता येणार नाही.

मग युसुफभाईंचा आला.

"ताई, दार उघडलं."

"आणि?"

"ठीक आहेत. खुर्चीत बसून पेपर वाचतायत. मला म्हणाले, या, बसा, चहा घेणार का."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि त्या पाण्याबरोबर रागही. "त्यांना फोन द्या."

"बोला," पलीकडून म्हातारा, पण खणखणीत आवाज.

"अहो आजोबा, बेल ऐकू येत होती ना तुम्हाला?"

"येत होती."

"फोन?"

"तोही."

"मग दार का नाही उघडलंत? मुलगा तिकडे घाबरून अर्धा झालाय!"

ते शांतपणे म्हणाले, "दार उघडायला कोण येतं, ते बघत होतो."

फोन ठेवला आणि अमेरिकेचा लावला. वडील सुखरूप आहेत म्हटल्यावर तो पलीकडे रडायलाच लागला. जरा सावरल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणाले?"

खोटं सांगावंसं वाटलं. पण जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं.

"कोण गेलं होतं?" त्यानं विचारलं.

"आमचे युसुफभाई. कुलूपवाले."

"त्यांना... थोडा वेळ तिथे बसायला सांगता का?"

"ते बसलेत," मी म्हटलं. "चहा होतोय."