राहत यानाचं बंद दार

दातांच्या डॉक्टरकडं खरं तर किस्से साठायलाच नकोत. समोरच्याचं तोंड दिवसभर उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. माझ्याकडं जे साठलेत ते बहुतेक रविवारचे, दवाखाना बंद असतानाचे. त्यातला एकही हसतखेळत घडलेला नाही, प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलेलं होतं. आता सांगताना लोक हसतात, तेव्हाही मला रागच येतो!

तर आमचा उद्योग असा. पूर्वी टीव्हीवर रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. अंतराळातली यानं, कप्तान, लढाया. नाव सांगत नाही, नाव घेतलं की त्यांच्या वकिलाची मेल येते. त्या मालिकेतल्या यानांची वीतभर लांबीची मॉडेलं एक कंपनी काढते, नंबर घातलेली, सर्टिफिकेटसकट. जगभर लोक ती जमवतात. आम्ही तिघं उमरग्यात, माझ्या दवाखान्यात बसून त्यांची परीक्षणं करतो आणि चॅनेलवर टाकतो.

तिघं म्हणजे मी, अण्णा आणि गुरुजी. अण्णा हायवेला ट्रकच्या बॉड्या रंगवतात. गुरुजी सास्तूरचे, विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर. मी दात बघायचा छोटा आरसा आणि टोकदार सळई घेऊन यानाचे सांधे तपासतो, अण्णा रंग बघतात, गुरुजी शंभरपैकी मार्क देतात. आजवर बासष्टच्या वर कुणी गेलेलं नाही. नियम एकच, आणि तो माझा. यान जसं आलं तसंच राहणार. घासायचं नाही, चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही.

* * *

एकदा एक यान आलं, त्याचा पंख लोंबत होता. मी पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात अण्णांनी थेंबभर गोंद लावून पंख सरळ केला. कॅमेरा चालू असताना!

"अण्णा, पुरावा होता तो! पुरावा नष्ट केलात तुम्ही!" मी इतका ओरडलो की शेजारचा मेडिकलवाला बघायला आला.

अण्णा शांतपणे बोटं पुसत म्हणाले, "डॉक्टर, तुमी लोकांच्या दातात सिमेंट भरता, तवा पुरावा कुठं जातो?"

दोन आठवडे मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या रविवारी त्यांचीच दाढ ठणकायला लागली, म्हणून बोलावं लागलं.

* * *

कंपनीचा एक साहेब एकदा व्हिडिओ कॉलवर आला. आम्ही त्यांच्या यानावरचा लाल पट्टा वाकडा म्हणालो होतो, ते त्याला झोंबलं होतं. गोड आवाजात विचारतो, "तुम्ही कुठल्या उपकरणानं मोजलं?"

अण्णांनी खिशातून निळीत बुडवलेला दोरा काढला आणि कॅमेऱ्यासमोर ताणून धरला. तीस वर्षं ते याच दोऱ्यानं ट्रकवर रेघा मारतात. साहेब हसला. मला ते हसणं असं लागलं की माझे कान गरम झाले! म्हणाला, "थोडा फरक टॉलरन्समध्ये बसतो."

"साहेब," अण्णा म्हणाले, "माज्याकडून एवढा वाकडा पट्टा गेला तर ड्रायव्हर गाडी माज्या अंगावर घालतो. टॉलरन्स म्हणत न्हाय."

त्या यानाला गुरुजींनी चौतीस दिले. एका मार्कानं नापास! साहेबानं पुन्हा कॉल केला नाही.

* * *

यानं दवाखान्यातच काचेच्या कपाटात असतात. एक दिवस माकणीचे एक काका दाढ काढून घ्यायला आले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची नजर कपाटावर.

"डॉक्टर, हे फवारणीचं ड्रोन किती लिटरचं हाय?"

मी म्हटलं, "काका, ड्रोन नाही ते. अंतराळ यान आहे."

"उडतंय का?"

"नाही."

"फवारतंय?"

"नाही हो!"

"मग दात काढायला कामाला येतं?"

"अजिबात नाही!" माझा आवाज चढला.

काकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "घरी कोण बोलत न्हाय का तुमाला?"

* * *

घरी बोलतात की! पण त्याहून वाईट म्हणजे घरी पूजा करतात.

खंडेनवमीला मी तुळजापूरला एका लग्नाची बोलणी करायला गेलो होतो. घर दवाखान्याच्या मागंच; संध्याकाळी परत येऊन बघतो तर दवाखान्यातलं कपाट उघडं. तेवीसच्या तेवीस यानांवर हळदीकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल, आणि सगळ्यात मोठ्या युद्धनौकेच्या नाकावर अक्षता! खाली माझे चिमटे, पक्कड, आरसे ओळीनं मांडलेले, त्यांनाही कुंकू. तिळाएवढ्या खिडक्या त्या, त्यात कुंकू बसलं ते बसलंच. ब्रशनं निघेना, कापसानं निघेना.

"आई! हे काय केलंस? एकेक पीस मी जिवापाड जपलाय!"

आई देवघरातूनच म्हणाली, "अरे, हत्यारांची पूजा असती आज. दर रविवारी ह्यांच्यावरूनच तर भांडतोस सगळ्या जगाशी. मग तुजी हत्यारं हीच की!"

मी गुरुजींना फोन लावून तक्रार केली. पुढच्या रविवारी त्यांनी युद्धनौका हातात घेतली, चष्मा वर करून बघितली आणि पाच मार्क वाढवले.

* * *

मग कंपनीनं नवी चाल केली. यापुढं नवीन यान बाजारात यायच्या आधी तुम्हाला पाठवू, पैसे नकोत, फक्त "सूर सकारात्मक ठेवा". मी वाचूनच लालबुंद झालो, पण खरं सांगतो, आत कुठंतरी मन डळमळलं. कारण यादीत पहिलंच नाव होतं राहत यान, म्हणजे हिंदीतलं 'राहत', मदत पोचवणारं.

गुरुजींनी मेल वाचली. म्हणाले, "पोराला पास करा म्हणून लोक घरी पेढे घेऊन यायचे. मी पेढे खायाचो आन् नापास करायचो. पाठवा म्हणावं."

हे राहत यान म्हणजे गुरुजींचा विषय. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते सास्तूरला पत्र्याच्या शेडमध्ये होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर त्यांनी एक टीव्ही लावला होता, रविवारी सगळ्या शेडची पोरं समोर बसायची. मालिकेत राहत यान कुठंही आग लागली, ग्रह फुटला, की पोचायचं आणि दार उघडायचं. एका रविवारी मात्र कप्तानानं बाहेर माणसं उभी असताना दार लावलं. म्हणाला, "जगह नहीं है." गुरुजी उठले आणि टीव्ही बंद केला. पोरं रडायला लागली, तरी चालू केला नाही.

हे आम्हाला त्यांनी एकदाच सांगितलं. आणि मग तेवढ्याच आवाजात म्हणाले, "भूकंपाच्या पहाटं दत्तूला, धाकट्या भावाला, बाजंवर घालून रस्त्यावर आणलं होतं म्या. पैली जीप आली ती भरलेली. दुसरी दुपारी आली." मी चहा सांगायला उठलो.

तेव्हापासून प्रत्येक नव्या यानाच्या वेळी गुरुजी विचारायचे, "राहत कधी काढणार हायेत हे लोक?" सहा वर्षं विचारत होते. आता त्यांना कमी दिसतं, हातही थरथरतो, तरी सास्तूरहून दर रविवारी येतातच.

* * *

राहत यान आलं. खोक्यावर मोठं चित्र होतं. दार उघडं, आतून पिवळा उजेड, पायऱ्या खाली सोडलेल्या. गुरुजी नवीन सदरा घालून आले होते! कॅमेरा लावला, अण्णांनी खोकं उघडलं, यान गुरुजींच्या हातात दिलं.

गुरुजींनी अंगठा दारावर ठेवला. दाबला. नखानं ओढून बघितलं. "डॉक्टर, माजी बोटं चालंनात. तुमी उघडा."

मी आरसा लावला, सळई फिरवली. दार नव्हतंच. सपाट प्लॅस्टिकवर दाराची नुसती रेघ कोरली होती. हरामखोरांनी रेघ कोरून दार म्हणून विकलं! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिथल्या तिथं कंपनीला मेल केली, शिव्या तेवढ्या गाळल्या. उत्तर मिनिटाच्या आत आलं, कारण ते कुणी लिहिलेलंच नव्हतं: "आमच्या यानांवरील आपल्या प्रेमाबद्दल आभार."

"नापास करा गुरुजी!" मी म्हटलं. "शून्य द्या!"

गुरुजींनी यान परत हातात घेतलं. अंगठा पुन्हा दारावर ठेवला.

मग मी उठलो. हातमोजे घातले. यान खुर्चीच्या ट्रेवर ठेवलं, वरचा दिवा ओढला आणि दात कोरायचं मशीन हातात घेतलं. अण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग चालू कॅमेऱ्याकडं.

"डॉक्टर, तुमचा नियम?"

"खड्ड्यात गेला नियम!"

"आन् भूल दिली का?"

मशीन सुरू केलं. दाराच्या रेघेवरून सावकाश, चारी बाजूंनी, अक्कलदाढ काढताना धरतो तसा श्वास धरून कापत गेलो. रेघ सोडली नाही. पांढरा भुगा उडाला. अण्णांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "कंपनीपरीस सरळ हाय." तुकडा निघाला. मी आत उजेड मारला आणि मलाच लाज वाटली. सीट नाहीत, पायऱ्या नाहीत, काहीच नाही. नुसतं पोकळ प्लॅस्टिक.

"काय हाय आत?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही गुरुजी. फसवलंय आपल्याला. आत सगळं रिकामं आहे."

त्यांनी माझ्या हातातला आरसा घेतला. दारातून आत घातला, चष्मा वर केला, आणि आरसा फिरवून कोपरान् कोपरा बघितला.

"सगळं रिकामं?"

"हो."

"मग जागा हाय की," गुरुजी म्हणाले. "डॉक्टर, लई जागा हाय."