उजव्या कानातली लाईन

हेडफोन कानावर चढवला की कुंदाकाकू आधी "बोला" म्हणायच्या. समोर कोणी नसायचं. असायचा तो लाकडी पेटीतला जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि त्याच्यावर ठेवलेला कॅसेट प्लेअर. काकूंची सगळी नोकरी श्रीगोंद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. कानाला काही लागलं की तो शब्द आपसूक बाहेर पडायचा आणि मग त्या स्वतःशीच हसायच्या. "सवय हाय रे. जळली जात न्हाई."

त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. एक घरची, श्रीगोंद्याची. दुसरी टेलिफोनवरची, धुऊन वाळत घातल्यासारखी स्वच्छ. रागावल्या की ही दुसरी बाहेर यायची. "आपण जरा थांबावं," असं त्या मला म्हणाल्या की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय. माझं पुष्कळदा चुकायचं.

केडगावात आमची भिंतीला भिंत. मी एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो, त्यामुळे गल्लीतलं बिघडलेलं सगळं माझ्या ओट्यावर येतं. हा ॲम्प्लिफायरही असाच खरखरत आला. तो मुळात काकांचा. काका जामखेडकडचे, साखर कारखान्यात फिटर. बदली झालेल्या एका साहेबाकडून त्यांनी तो तरुणपणी घेतला आणि मोठे स्पीकर जोडून वर्षानुवर्षं अख्ख्या गल्लीला गाणी ऐकवली. पुढे त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. ते आतल्या खोलीत कॉटवर पडून असत. मोठा आवाज झाला की दचकत, आणि दचकले की खोकल्याची उबळ येई. ओठ निळे पडत. अशा वेळी वाफेचा मास्क लगेच तोंडावर चढवावा लागे. उशीर झाला तर काय होईल, हे डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं.

स्पीकर माळ्यावर गेले. काकूंनी ॲम्प्लिफायरच्या जाड भोकात काकांचाच जुना, वजनदार हेडफोन खुपसला. मोबाईलवर ऐका, असं मी सुचवलं होतं. त्यांनी हेडफोनची पिन बदलून तेही करून पाहिलं. "गानारीनं तोंडात पदर घातल्यावानी वाटतं," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. तो हेडफोन चालवायला मोबाईलची ताकद पुरत नव्हती. जुनं मशीन मात्र बटण जरासं फिरवलं की आवाज नीट उभा करायचं.

पण हेडफोन घातला की काका ऐकू यायचे नाहीत. म्हणून काकू दर कडव्याला एक कान उघडा करून आतल्या खोलीचा कानोसा घ्यायच्या. घरातलं सगळं आवरून दुपारी मिळणारा तो एक तास, आणि त्यात एक गाणं सलग पदरात पडत नव्हतं. मला ते बघवेना. स्टिरिओत आवाजाच्या दोन वाटा असतात, एकेका कानाला एक. डाव्या वाटेवर मी गाणं ठेवलं. उजवीवर काकांच्या उशाशी टांगलेला छोटा माईक जोडला, मध्ये त्याचा आवाज वाढवणारी एक डबी. ॲम्प्लिफायरच्या तोंडावर आवाज दाखवणारे दोन काटे होते. डावा गाण्यावर नाचायचा, उजवा काकांच्या श्वासावर हळूहळू वर-खाली व्हायचा.

पहिल्याच दिवशी काका माईकमध्ये म्हणाले, "आता मी मेलो तरी हिला डायरेक्ट ऐकू येतंय बघ."

काकूंनी हेडफोन काढून भिंतीपलीकडे उत्तर दिलं, "लाईनवर असं बोलू नये."

मला वाटलं, चांगलं काम झालं. पण तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. पहिली पाळी सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. काकू डोळे मिटून ऐकायच्या आणि मी उजव्या काट्याकडे बघत राहायचो. तो जरा रेंगाळला की मी जागचा अर्धा उठायचो. माझ्या जोडणीत कुठे टाका सुटला तर? डबीतला सेल उतरला तर?

एका दुपारी काटा खाली गेला आणि वर आलाच नाही. डावा मजेत नाचत होता. पाणी पितो असं खुणेनं सांगून मी आत गेलो. काकांनी एका हाताच्या पंजात माईक गच्च झाकला होता. दुसऱ्या हातानं टॉवेल तोंडात कोंबला होता, आणि सगळं अंग खोकल्यानं हादरत होतं. मी मास्क लावला. श्वास परत आल्यावर काकूंना बोलावतो म्हणालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून फिटरचा जोर होता.

"तिला सांगू नगं," ते म्हणाले. "तिचं एक गाणं सलग व्हऊ दे."

मी मान हलवली. काका काकूंना ऐकू यावेत म्हणून जी तार मी ओढली, तिच्याच टोकाशी ते लपायला शिकले होते. आणि हे ठाऊक असून मी काकूंच्या हातचा चहा पीत होतो. सांगायचं ठरवून मी दारापर्यंत जायचो आणि दूधवाला आला का विचारून परत फिरायचो. कामावर असलो की दुपारभर डोळ्यांपुढे तो पडलेला काटा दिसायचा.

शेवटी स्वयंपाकघरात त्यांना गाठून सांगून टाकलं. काकू कोथिंबीर निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "माऊथपीसवर हात ठिवून बोलनारी मानसं मी जन्मभर ऐकली. हात ठिवला म्हनून लाईन मरत न्हाई, नुसती कोंदती."

मग उठत का नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. उठतेच की, म्हणाल्या. कधी कॅसेट अडकली म्हणून उठते, कधी लाईट गेली म्हणून. ह्यांना वाटतं, आपलं जमलं. त्या दिवशी तू उठलेला दिसलास, म्हणून बसून राहिले.

माझं ओझं उतरायला हवं होतं. उलट वाढलं. तारेच्या दोन टोकांना दोघं एकमेकांना फसवत होते, आणि तार माझी होती.

काका गेले तेही दुपारीच. मी कामावर होतो. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. एक प्रश्न मात्र राहिला होता आणि तो विचारायची हिंमत मला झाली नाही.

गेल्या महिन्यात काकूंची मुलगी त्यांना श्रीगोंद्याला न्यायला आली. ॲम्प्लिफायर बांधून द्यायला मी गेलो होतो. आता दोन्ही कानांना गाणं जोडून देतो, म्हणत मी मागच्या वायरीला हात घातला. काकूंनी माझा हात बाजूला केला.

"तुला इचारायचंय ते इचार."

मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"हात न्हवता त्यांचा माईकवर," त्याच म्हणाल्या. "मोकळं हुतं समदं. पहिल्या ठसक्याला मी उठले. मास्क लावला, पर त्यांनी काढून टाकला. मग हात धरून बसले. गानं हिकडं टेबलावर एकटंच वाजत हुतं."

नंतर त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि आतल्या खोलीत गेल्या. कॉट केव्हाच उचलली होती. माईक खिळ्याला तसाच होता. उजवा काटा जरासा हलला, मग झपकन वर आला, आणि माझ्या उजव्या कानात टेलिफोनवरची ती स्वच्छ मराठी आली.

"हॅलो. माझा आवाज येतोय का?"

"येतोय," मी हळूच म्हणालो. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की तिकडे हे ऐकू जाणार नाही. तशी तार मी कधी जोडलीच नव्हती.