दुसऱ्या शोचे लोक

हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, शाळेतल्या जोडीदाराजवळ नाही. पोहरादेवीला दोन-तीनदा हात जोडून उभा राहिलो, तिथंही नाही — तिथं मी बदलीचं मागून आलो. आता सांगायला बसलोय तर आधी रागच येतोय. कोणाचा, ते कळेल तुम्हाला.

गोष्ट एका पिक्चरची आहे. हसू नका. कार्टूनचा पिक्चर — समुद्रातले राक्षस, त्यांच्या मागे लागलेली जहाजं, भाले, वादळ, सगळं. पन्नाशीला आलेला माणूस कार्टूनवरून एवढा जीव काहून जाळतो, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटतं. पण टीव्हीवर कुठं निळं पाणी आणि त्यात हलणारी शेपटी दिसली की मी चॅनल बदलतो. मुलगा म्हणतो, बाबांना ॲनिमेशन आवडत नाही. हो, नाही आवडत. त्याला तेवढंच माहीत आहे आणि तेवढंच राहिलं होतं आतापर्यंत.

मी मास्तर. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक, त्यातला एक कायम कुठल्या तरी प्रशिक्षणाला. दसरा झाला की तांडा रिकामा होतो. ट्रक येतात, त्यात गाद्या, भांडी, शेळ्या आणि माणसं चढतात आणि सहा महिन्यांसाठी ऊस तोडायला निघून जातात. सोबत पोरंही जायची. मी ते थांबवायचं ठरवलं होतं. घरोघरी जाऊन बसायचो, चहा प्यायचो, तेच ते बोलायचो — पोट्टे आजीपाशी ठेवा, मी पाहतो. वैताग यायचा हो! एका घरी हो म्हणायचे आणि सकाळी पाहावं तर दाराला कुलूप. तरी त्या वर्षी बावीस पोरं मागं राहिली. दहा वर्षं होत आली त्याला.

सुभाषची काजल त्यांच्यातलीच. चौथीत होती. स्वतःची वही आधी पूर्ण करायची आणि मग दुसऱ्यांच्या वहीत डोकं घालून चुका काढायची. माझ्याही काढायची, फळ्यावरच्या. सुभाष तिला ठेवायला तयार नव्हता. एकुलती पोरगी, माझ्याबिगर जेवत नाही म्हणायचा. चारदा गेलो त्याच्याकडे. पाचव्यांदा तो म्हणाला, "तुमी म्हणता म्हणून ठेवतो, सर. तुमच्या भरवशावर."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

ट्रक गेले आणि पोरं सुकली. प्रार्थनेला एक रडायला लागलं की ओळच्या ओळ रडायची. आपण बोललो होतो ना, मी पाहतो म्हणून? मग काहीतरी करणं भाग होतं. म्हणून पिक्चर. बावीसांपैकी एकानंही टॉकीजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. परवानगी काढली, दोन काळी-पिवळ्या जीपा ठरवल्या, शनिवारी सकाळी पोरं कोंबली आणि वाशिमला नेली. पोस्टरपुढं उभं करून फोटो काढला. केंद्रप्रमुखांना पाठवला, त्यांनी तो लगेच ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, उपक्रमशील शिक्षक. अंगठ्यांचा पाऊस. मी आतमध्ये अंधारात बसून तेच पाहत होतो. पिक्चर कोण पाहतो?

तरी जेवढं पाहिलं ते सांगतो. बंदरावरचं गाव. तिथले बाप दर हंगामाला जहाजावर चढतात आणि राक्षस मारायला जातात, पोरं किनाऱ्यावर राहतात. नायिका एक लहान मुलगी. तिचा बाप तिला सांगतो, तू इथंच थांब, मी येतो. ती रोज धक्क्यावर जाऊन बसते. आता मला सांगा — जगात हजार कार्टून असताना मला हेच सापडावं? ज्या पोरांचे आईबाप पंधरा दिवसांपूर्वी ट्रकात चढून गेले, त्यांना मी हे दाखवायला नेलं. ट्रेलर पाहिलं होतं, त्यात सगळे नाचत होते. अर्धवट पाहायची सवय माझी जुनीच, म्हणा.

मग तो राक्षस पाण्यातून वर येतो, जहाज मधोमध मोडतं, बाप पाण्यात जातो. वर येत नाही. पाण्यावर नुसती टोपी. किनाऱ्यावर ती मुलगी उभी. आणि दिवे लागले.

आता इथं मी थांबतो जरा. कारण इथून पुढं माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण नाही. म्हणजे आहे — पण ते इतकं भिकार आहे की लिहायची लाज वाटते. त्या दिवशी मंगरूळपीरला माझ्या साळ्याचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. चार वाजताचं. थोरला जावई मी. बायकोचे पाच फोन येऊन गेले होते. एक पोरगं जीपमध्ये ओकलं होतं, त्याचा वास माझ्या शर्टाला येत होता, मला घरी जाऊन तो बदलायचा होता. बस, एवढंच. दुसरं काही नाही.

मी उठलो आणि म्हणालो, "चला रे, संपला पिक्चर."

पोरं उठली. का नाही उठणार? त्यांना इंटरवल म्हणजे काय ते कुठं ठाऊक होतं? पडदा पांढरा झाला, दिवे लागले, सर म्हणाले संपला — संपला. ओळ करून चालायला लागली. काजल तेवढी थांबली. तिनं मागं वळून सगळं टॉकीज पाहिलं आणि म्हणाली, "लोक तं बसूनच हायेत, सर."

"ते दुसऱ्या शोचे लोक आहेत," मी म्हणालो.

किती चटकन सुचलं! फळ्यावर बेरीज मांडताना दोनदा विचार करतो मी, आणि हे असं तयार होऊन तोंडातून आलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस पॉपकॉर्न खाता खाता माझ्याकडे पाहायला लागला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

जीपमध्ये काजल माझ्या मागच्याच बाकावर होती. विचारलं तिनं — तिचा बाबा मेला का, सर? मी म्हणालो, पिक्चर आहे तो. पुन्हा विचारलं. मी मोबाईलमध्ये. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावून विचारलं. "हो, मेला. राक्षसानं गिळला. आता गप बस."

मला माहीत नव्हतं तो मेला का जगला. ऐकताय ना? अर्धा पिक्चर मीही पाहिलेला नव्हता. माहीत नसताना दहा वर्षांच्या पोरीला मी बाप मेल्याचं सांगितलं, कारण तिचा आवाज बंद व्हायला पाहिजे होता. तो झाला. तांडा येईपर्यंत सगळी जीप गप्प होती. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

साक्षगंध दोन तास उशिरा सुरू झालं. मुलीकडचे लोकच आले नव्हते. मांडवात बसलो होतो तर साळीचा मुलगा शेजारी येऊन बसला, त्यानं तो पिक्चर अमरावतीत पाहिला होता. थांब म्हटलं तरी थांबेना. बाप जिवंत असतो म्हणे. त्या राक्षसाचं पिल्लू शिकाऱ्यांनी पळवलेलं असतं, म्हणून तो जहाज मोडतो. पण बुडणाऱ्या बापाला तोच पाठीवर घेऊन बेटावर सोडतो. मुलगी होडी घेऊन जाते, पिल्लू परत देते आणि बापाला घरी आणते. "लय मस्त शेवट हाये, काका," तो म्हणाला.

म्हणजे शनिवारी संध्याकाळी मला सगळं ठाऊक होतं. सोमवारी परिपाठाला उभं राहून दोन मिनिटं बोलायचं होतं. पोरांनो, माझी चूक झाली, पिक्चर अर्धा राहिला, तिचा बाबा परत येतो. बस. पण मग ते घरी सांगणार. आज्या गावभर करणार. फोनवरून तिकडं उसाच्या फडात जाणार की सरांनी पोट्टे वाशिमला नेले आणि अर्ध्यातून उठवून आणले. आणि तो ग्रुपवरचा फोटो? ते अंगठे? मी सोमवारी भागाकार घेतला. मंगळवारीही.

काजल डब्यातली खिचडी तशीच ठेवायला लागली. आजीच्या मागं लागायची, बाबाले फोन लाव. सुभाषच्या फडात रेंज नसायची. मी पाहत होतो सगळं. दोन आठवड्यांनी तिचा मामा उशिराच्या ट्रकानं निघाला. त्या सकाळी मी खिचडीचा तांदूळ काढून देत होतो, ती दारात येऊन उभी राहिली. दप्तर नव्हतं.

"मी मामासंगं जाऊन राह्यली, सर. बाबाची खोपी कॅनॉलपाशी हाये."

कॅनॉलपाशी. पाण्यापाशी. समजलं मला लगेच, अर्थातच समजलं, मी काही दगड नाही. चार शब्द होते — तिचा बाबा जिवंत आहे. जिभेवर होते. मापटं हातात धरून मी म्हणालो, "परीक्षेला ये."

नाही आली. उन्हाळ्यात बापाबरोबर परत आली. पुढच्या वर्षी शाळेत दोन महिने बसली आणि पुन्हा गेली. मग मोळ्या बांधायला लागली, मग तोडायला. आता लग्न होऊन ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता आहेत — ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

शाळाबाह्य मुलांच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, पालकांची उदासीनता. माझ्याच अक्षरात आहे, कोणीही पाहावं.

इथं तरी थांबलो असतो. पण नाही. पुढच्या दसऱ्याआधी पालकसभा होती, केंद्रप्रमुख आले होते, मला काहीतरी दाखवायचं होतं. मी सुभाषला सगळ्यांपुढं उभं केलं. म्हटलं, ही एवढी हुशार पोरगी, आणि यांनी तिला नेलं. तुम्हीच तिचं नुकसान केलं, सुभाषभाऊ. तो खाली पाहत राहिला. त्यानं तिला दोनदा बसमध्ये बसवून परत पाठवायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा ती पुढच्या थांब्याला उतरून परत त्याच्याकडं पळाली होती — हे मला तिच्या आजीनं सांगितलेलं होतं. सभेच्या आधीच. तो त्यातलं काहीच बोलला नाही. "चुकलं, सर," म्हणाला.

त्या सभेनंतर आठ घरांनी पोरं मागं ठेवली. केंद्रप्रमुख म्हणाले, याला दरवर्षी बोलवा. मी बोलावतो. दरवर्षी. सुभाष स्वच्छ सदरा घालून येतो, मी त्याच्या हातात माईक देतो आणि तो सांगतो, म्या माझ्या पोरीचं वाटोळं केलं, तुमी नका करू. लोक ऐकतात. पोरं राहतात. बोलताना दरवेळी त्याच ठिकाणी त्याचा आवाज बसतो आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून मान हलवतो. आता म्हणाल, चांगलंच झालं की मग, पोरं शिकतात. नका म्हणू. मी म्हणून पाहिलंय. चिडून उठतो मीच माझ्यावर.

यंदाच्या सभेला काजल आली होती. कडेवर पोरगी. मागं भिंतीपाशी उभी राहून तिनं बापाचं सगळं भाषण ऐकलं. सभा सुटल्यावर मी माईकची वायर गुंडाळत होतो तेव्हा ती जवळ आली.

"सर, पुढच्या वर्षी बाबाले बोलावू नका. या दिवशी ते घरी येऊन जेवत नाई." मग कडेवरची पोरगी सावरून म्हणाली, "बाबाची चूक नोती. तो पिक्चर पाहून मलेच भेव बसलं होतं. वाटे, मी नाई गेली तं बाबा पाण्यात जाईन. म्या कधी कोनाले सांगितलं नाई, हसतील म्हणून. चूक माझीच हाये."

बाप म्हणतो चूक त्याची. लेक म्हणते तिची. दोघंही वीस पावलांवर होते, सुभाष अजून पेंडॉलच्या दोऱ्या सोडायला मदत करत होता, हाक मारली असती तर आला असता.

मी काजलच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "लहान होतीस तू. जाऊ दे, नको मनाला लावून घेऊ."

माफ केल्यासारखं म्हणालो मी ते. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.