अंगची ओल

माझ्या ताईच्या नवऱ्याइतका भिंतींवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा झाला नसेल, आणि होऊही नये. एकालाच सांभाळताना आमचं घर थकलं. कुणाकडेही गेले की भावोजी चपला काढायच्या आधी भिंतीला तळहात लावत. "किती दिवसांपासून आहे?" हे अगदी डॉक्टरच्या सुरात. ओल दिसली की खिशातून खडू काढायचा, तिच्याभोवती रेघ ओढायची, शेजारी तारीख घालायची, म्हणजे पुढच्या खेपेला कितीशी पसरली ते कळावं. परक्याच्या भिंतीवर हो! माझ्यासाठी मुलगी बघायला घाटकोपरला गेलो, तर पोहे येईपर्यंत हे गृहस्थ स्टुलावर चढलेले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "मुलगी छान आहे रे, पण मोरीमागची भिंत गेलीय." लग्न झालं. भिंतीचंही त्यांचं खरं निघालं, पण ते सासऱ्यांसमोर काढायची अजून सोय नाही.

ह्या वेडाला कारण होतं. मुलुंडच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्याच्या मोरीतलं पाणी झिरपून आतल्या खोलीच्या भिंतीत उतरायचं, आणि त्याच भिंतीला लागून ताईची कॉट. ताईला दमा. खोली एवढीशी, समोरच्या कोरड्या भिंतीला भावोजींचं कागदांनी गच्च भरलेलं कपाट, त्यामुळे कॉट हलवायलाही जागा नाही. बिल्डर कधीचाच गायब. सोसायटीने तीनदा गिलावा केला, तीनदा पोपडे आले.

आणि भावोजी नोकरीला कुठे, तर बांधकामावर संशोधन करणाऱ्या अंधेरीच्या एका संस्थेत. यंदा कुठल्या प्रश्नावर आधी संशोधन करायचं, हे ठरवायला तिथे दर वर्षी समिती बसायची. भावोजी तिचे सेक्रेटरी. "एकदा आपला विषय पहिला लागू दे रे," ते म्हणायचे, "मग हिच्या भिंतीवर औषध निघतंच बघ."

आता समिती म्हणजे काय सांगू! सिमेंटवाल्यांना सिमेंट हवं, लोखंडवाल्यांना लोखंड, कुणी कुणाला पुढे जाऊ देईना. शेवटी अध्यक्षांनी भांडण नको म्हणून सगळे विषय वर्णानुक्रमाने लावले आणि खाली तशी बारीक टीपही घातली. वरच्या साहेबांच्या टेबलावर टीप कोण वाचतो? पहिला नंबर तोच पहिला अग्रक्रम समजून मंजुरी आली ती 'अंगणातील फरशी' ह्या विषयाला. मुंबईत! जिथे तुळशीची कुंडी ठेवायची तर माणसाला आडवं व्हावं लागतं, तिथे वर्षभर अंगणाच्या फरशीवर संशोधन चाललं. भावोजींची 'गळती' नवव्या नंबरावर बसून राहिली.

मग ते नावाच्याच मागे लागले. माझ्याकडे मराठी टाईपरायटर, म्हणजे मी आयताच सापडलो. 'गळती'ची 'ओल' झाली, 'ओल'ची 'आर्द्रता' झाली. दर वेळी अख्खी यादी नव्याने, कार्बन घालून चार प्रती. माझ्या बोटांची वाट लागली. एका रविवारी भावोजी धापा टाकत जिना चढून आले. "सापडलं! 'अंगची ओल'! भिंतीच्या अंगची. च आधी, ण नंतर. अंगणाच्या एक घर पुढे!"

"भावोजी, तुमचं डोकं फिरलंय," मी म्हटलं. पण टाईप केलं, आणि खरं सांगतो, मलाही आशा वाटली. त्या वर्षी ताईला एक मजला चढायला दोनदा बसावं लागत होतं.

बैठकीला एक नवे सभासद आले होते, शुद्धलेखनाचे भारी कडक. यादी बघून म्हणाले, "बाराखडी विसरलात काय? अं कुठे येतो? औ झाल्यावर!" सगळ्यांनी ओठांतल्या ओठांत बाराखडी म्हटली आणि माना डोलावल्या. 'अंगची ओल' आणि 'अंगणातील फरशी' दोघी जोडीने सातव्या-आठव्या नंबरावर गेल्या आणि पहिली आली 'अग्निरोधक दारं'. साधी 'आर्द्रता' ठेवली असती तर निदान दुसरा नंबर लागला असता. वाईट वाटलं हो. एवढी अक्कल चालवली, ती अक्कलच आडवी आली.

पुढच्या रविवारी सकाळी मुलुंडला गेलो. आतल्या खोलीत ताईची कॉट समोरच्या कोरड्या भिंतीला लागलेली. कपाट कुठे? कपाट आणि त्यातले ओलीवरचे सगळे कागद भावोजींनी शनिवारी रद्दीवाल्याला दिले होते. ओल्या भिंतीशी आता जमिनीवर त्यांचीच गादी होती. उशीच्या वर खडूच्या रेघा, एकीत एक, सगळ्यात बाहेरचीवर कालची तारीख.

"अहो, असं काय करता?" मी म्हटलं. "तुम्हाला बाधेल ना!"

"मला काय होतंय?" ते म्हणाले.

व्हायचं ते झालंच. ताईचा दमा पुष्कळ उतरला, पण खोकला त्यांनाही लागला. आता दोघं आळीपाळीने खोकतात.

"आधी ही, मग मी," भावोजी सांगतात. "हा क्रम आता बदलायचा नाही."

"पुरे हो," ताई म्हणते आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवते.

मी चहा संपवून उठतो, आणि निघता निघता माझाच तळहात त्या भिंतीला लागतो. अजून गारच आहे.