दोन पट्ट्यांचा पिठ्ठू

पाठीवरची सॅक घेताना लोक खिसे बघतात, रंग बघतात. मी अजूनही आधी पट्टा बघते. दोन्ही मुठींत धरून ताणते, शिवण उसवते का ते पाहते आणि दुकानदाराला सांगते, यात काहीतरी वजन भरा, रिकामी पिशवी कुणालाही शोभते. दुकानदार कंटाळतात. कंटाळू देत. या एका वस्तूपायी मी सासरच्यांशी उभा दावा मांडला होता.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सासर कुंडलचं, ऊसवाल्यांचं. नवरा पलटणीतून सुटून यायचा होता. जाताना त्यानं बापाला बजावलं होतं, हिला मास्तरणीचं ट्रेनिंग करू द्या. म्हणून मी साताऱ्याला वसतिगृहात राहून पहिलं वर्ष करत होते. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका अटीवर होकार दिला होता. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. ढळल्याचं कानावर आलं की शिक्षण बंद.

सुट्टीच्या दिवशी आमच्या बाई आम्हाला डोंगरावर न्यायच्या. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत परत. अजिंक्यताऱ्यावर गेलो तेव्हा माझ्या खांद्याला कापडी झोळी होती. सपाटीवर ती फार गुणी वाटली. चढावर वाकले की मात्र पुढे यायची आणि आतला फिरकीचा तांब्या गुडघ्यावर आपटायचा. एका हातात झोळी, दुसऱ्यात पदर. झाडाला धरायला हात आणायचा कुठून? घसरले, कोपर सोलवटलं, भाकरीचा चुरा झाला. ज्यांनी डोक्यावर गाठोडं घेतलं होतं त्यांचा पदर ओझ्याखाली छान दबून बसलेला. मान मोडली तरी चालेल, पदर जागेवर हवा. मला त्या गाठोड्यांचा भयंकर राग आला.

तेव्हा बाजारात पलटणीतला टाकाऊ माल ढिगानं विकायला यायचा. बूट, घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या आणि जाड खाकी कापडाचे पिठ्ठू. पाठीवर घ्यायचे, दोन्ही खांद्यांना पट्टे. मी ढीग उपसायला लागले.

विकणारा म्हणाला, "बाई, हे गड्यामाणसांचं हाय."

"पाठ काय गड्यांनाच असती व्हय?"

मी एकेक पिठ्ठू पाठीला लावून बघितला. एकाचे पट्टे बोटभर रुंद, ते खांद्यात रुतणार. एकाची शिवण ओढताच सुटली. एक इतका लांब की कमरेखाली लोंबायचा. चौथा बरोबर बसला. तळ दुहेरी, बकलं पितळेची, पट्टे चांगले रुंद. शेजारच्या बटाटेवाल्याकडून बटाटे भरून घेतले आणि बाजाराला एक फेरी मारली. वजन पाठीवर सगळीकडे सारखं बसलं, दोन्ही हात मोकळे. फक्त एक झालं. पट्ट्यांखाली लुगडं दाबलं गेलं आणि मी जरा वाकताच पदर डोक्यावरून मागे ओढला गेला. तेवढ्यात समोर माझे चुलत सासरे. गूळ घालायला अडतीवर आले होते. बघितलं आणि तडक निघून गेले. बोभाटा होणार हे मला कळलं, तरी पिठ्ठू घेतला. रात्री पट्ट्यांना आतून जुन्या वाकळेची पट्टी शिवली.

यवतेश्वरच्या डोंगरावर निघायच्या सकाळी मामंजी वसतिगृहाच्या दारात हजर.

"आमची सून डोई उघडी टाकून बाजारात बटाटं हिंडवती, ह्ये मला भावानं सांगावं व्हय?"

"आवं मामंजी, पट्टं पदराला ओढत्यात. मी काय करू?"

"मग डोईवर घे. तुझी सासू जल्मभर घेती."

"आत्याबाईंची मान बघितलीया का तुमी कवा? धड वळत न्हाई त्यास्नी."

 मामंजी म्हणाले, "आज पदर पडला, तर सातारा बंद. गठुडं बांधून घरला यायचं."

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण पदर कधी पडतो याच धास्तीत दिवसभर चढायचं, हे मला जमणारं नव्हतं. त्यांच्यासमोरच मी पदर डोक्यावरून काढला, खांद्यावरून घेऊन कमरेला करकचून खोचला आणि वर पिठ्ठू चढवला.

"आता पडायचा न्हाई," मी म्हणाले.

बाई निघाल्या, त्यांच्यामागे मी निघाले. मागे वळून बघितलं नाही. चढ लागला तेव्हा झाडाला धरायला दोन हात होते आणि पाण्याचा तांब्या पाठीशी गप्प बसला होता. मला आनंदापेक्षा संताप जास्त होता, आणि संतापानं चढ फार सोपा जातो.

मी गठुडं बांधलं नाही. कुंडलहून कुणी न्यायला आलं नाही, निरोपही नाही. दिवाळीला एकटीच निघाले. स्टेशनवरून गावात चालत गेले, पाठीवर पिठ्ठू, डोकं उघडं. बायका भिंतीआडून बघत होत्या. मामंजी दारात आडवे उभे.

"डोईवर पदर घे, मग आत ये."

"वझं हाय पाठीवर. उतरलं की घेते."

"मग उतरीव की."

"आत आल्यावर उतरवते."

ते हलले नाहीत, मीही नाही. आत्याबाई त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळल्या होत्या. पिठ्ठूत अभ्यासाची पुस्तकं होती, चांगली जड. पण पट्टे रुंद होते आणि वाकळेची पट्टी मऊ. मी अंधार पडेपर्यंत तशीच उभी राहिले असते, आणि ते त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. मामंजी बाजूला झाले.

साताऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आत जाऊन मी पिठ्ठू उतरवला. पदर मात्र घेतला नाही.