गाण्यामागची हाक

लहानपणी कॅसेटवर ऐकलेल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांच्या थाटाचं एक गाणं मी घरीच कीबोर्डवर केलं. रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून पंखा बंद केला, दाराला आईची गोधडी टांगली. गाणं इंटरनेटवर टाकलं आणि अभिप्रायांची वाट बघत बसलो.

"ड्रम जरा कमी करा," कुणी लिहिलं. "कीबोर्ड झकास, गळा बेसूर," दुसऱ्यानं. मी हसलो.

मग एका अनोळखी बाईंचं वाचलं: "दुसऱ्या कडव्यामागे एक थकलेला आवाज 'सुधीर, अरे सुधीर' म्हणतो. गाण्यातली सर्वांत सुंदर जागा. कशी सुचली?"

मी हादरलोच. सुधीर म्हणजे मी. हेडफोन लावून हे गाणं शंभरदा तरी ऐकलं असेल. माणूस स्वतःलाच इतका कान लावून बसतो? घरातली हाक कोण कुठल्या बाईंना ऐकू गेली, मला नाही.

आत गेलो. आई शेंगा सोलत होती.

"गाणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी मला हाक मारली होतीस?"

"दोनदा मारली," ती मान वर न करता म्हणाली. "मग दाराला गोधडी दिसली. म्हटलं, राहू दे."